मंतरलेली तलवार

खोपोलीच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर राहिलेले बुधाजी बायको गेल्यापासून फारसे बोलत नसत. म्हणून स्नेहलने बाबांना आपल्या रविवारच्या फाशांच्या खेळात ओढलं. ती गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायची. आज गोष्टीत एका राणीचं भूत आलं. बुधाजींच्या पात्राचा हातोडा त्यातून आरपार गेला.

"साधं हत्यार नाय लागत त्याला. ही मंतरलेली तलवार घ्या," स्नेहल म्हणाली.

"आपल्यात कोण भुतं मानतं गं?" ते हसले. मग फासा मुठीत धरून थांबले. "म्हणजे ज्याला अंगच नाय, त्याला पण ही पोचते?"

"पोचते."

"मग मारत नाय. नुसती राणीच्या खांद्याला टेकवतो."

वहीतल्या नियमांत असं काहीच नव्हतं. स्नेहलने वही मिटली.

"राणी वळून बघते, बाबा. बोला तिच्याशी."