समीक्षाची तांबडी

सुमंगलावहिनींना कुत्र्यांची भाषा कळते, असं आमच्या वाड्यावर थट्टेनं म्हणत. थट्टा करणाऱ्यांत मीही होते, हे आधीच सांगून टाकते.

त्या उत्तर गोव्यातल्या पेडण्याच्या. वडिलांची डोंगरावर काजूची बागायत, रानडुकरांना हाकलायला तीन-चार कुत्री कायम पाळलेली. लग्न होऊन त्या कारापूरच्या पुढे आमच्या वाड्यावर आल्या, माझ्या शेजारच्या घरात. नवरा कृष्णनाथ मास्तर, प्राथमिक शाळेत शिक्षक. माणूस शुद्ध बोलणारा, गावात मान. घरात मास्तरांची धाकटी बहीण शालिनी. एक्क्याऐंशी साली समीक्षा झाली.

पोर दिसायला गोड, पण तीन वर्षांची झाली तरी बोलेना. हाक मारली तर वळून बघत नसे. कुकरची शिट्टी झाली की कान झाकून भिंतीवर डोकं आपटायची. आणि पाणी दिसलं की सरळ चालत सुटायची. आमच्या वाड्यामागे बंद पडलेली खाण, तिच्यात बारमाही पाणी. पुढल्या अंगाला रस्ता, त्यावर दिवसभर दुसऱ्या खाणींच्या मातीचे ट्रक. वहिनींना अंघोळीला जायचं तर शालिनीला विनवावं लागे, आणि शालिनी पाच मिनिटांत कंटाळायची.

मास्तरांनी पोरीला मुंबईला दाखवलं. डॉक्टरांनी 'ऑटिझम' असं लिहून दिलं. तो शब्द इथे कुणी ऐकला नव्हता. मास्तर लोकांना सांगायचे, लहानपणी ताप डोक्यात गेला. चिठ्ठी त्यांनी कपाटात टाकली.

शहाऐंशीच्या चतुर्थीनंतर समीक्षा दुसऱ्यांदा खाणीकडे गेली. बाबली नावाचा ट्रकवाला गाडी धुवायला पाणी घ्यायला उतरला, तर पोर कमरेएवढ्या पाण्यात आणि काठावर एक तांबूस कुत्री जिवाच्या आकांतानं भुंकतेय. खाण चालू होती तेव्हा तिथल्या कँटीनवर वाढलेली ती कुत्री. बाबलीनं पोरीला उचलून घरी आणलं, आणि कुत्री मागोमाग आली ती परत गेलीच नाही. वहिनींनी तिचं नाव तांबडी ठेवलं.

आंधळ्या माणसाला वाट दाखवणाऱ्या कुत्र्याचं चित्र वहिनींनी कुठल्याशा रविवारच्या पुरवणीत पाहिलं होतं. तेवढ्यावर त्यांनी काम सुरू केलं. जुन्या साडीचे काठ एकावर एक शिवून रुंद पट्टा केला. एक टोक तांबडीच्या छातीभोवती, दुसरं स्वतःच्या कमरेला. मग अंगणात त्या स्वतः समीक्षासारख्या धावायच्या आणि 'बस' म्हणायच्या. तांबडी बसली, की पोदेराकडून घेतलेल्या पावाचा तुकडा. पुन्हा धाव, पुन्हा 'बस'. कुंपणावरून मी हसले तेव्हा म्हणाल्या, "हास गो. माका धा मिन्टां शांतपणी न्हावक गावला, तरी पुरे."

दिवाळीपर्यंत पट्ट्याचं दुसरं टोक समीक्षाच्या कमरेला गेलं. पोर रस्त्याकडे निघाली, की तांबडी फाटकात बसकण मारायची. पोर ओढायची, कुत्री हलायची नाही. थोड्या वेळानं पोरही तिच्याशेजारी बसायची. नंतर वहिनींनी तिला आणखी एक शिकवलं. समीक्षा डोकं आपटायला लागली, की 'आड' म्हणायचं, आणि तांबडीनं तिच्या मांड्यांवर आडवं पडायचं. त्या ओझ्याखाली पोर हळूहळू निवायची. तिची बोटं कुत्रीच्या कानामागे फिरायची. आईचा हात ती कधी अंगाला लागू देत नसे, पण तांबडी चालायची. वहिनींनी ते मला एकदाच बोलून दाखवलं, आणि लगेच तांदूळ निवडायला बसल्या.

मी तेव्हा गावातली बालवाडी चालवायचे. सत्त्याऐंशीच्या जानेवारीत वहिनी पोरीला आणि कुत्रीला घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"एक तास बसांदी. तांबडी भायर रवात, पट्टो लांब करतंय."

बाकीच्या आया काय म्हणतील, याचा मी विचार केला. "वहिनी, पोरीला घेते. कुत्री नको."

"कुत्र्याशिवाय ती बसाची नाय."

"मग कसं जमणार?"

तिघी परत गेल्या.

ते दिवस भाषेच्या भांडणाचे. राजभाषा कोकणी की मराठी, यावरून घराघरांत बोलणं बंद झालेलं. मास्तर मराठीच्या बाजूचे. रोज कुठे ना कुठे सभा, मास्तरांचं मातृभाषेवर भाषण. एकदा ते सभेला निघाले असताना वहिनींनी अंगणातूनच पोरीवरून विचारलं, "तुमच्या चेडवाक खंयची भाषा होयी, ता इचारलात?" मास्तर चप्पल घालून निघून गेले.

तीस मेला गोवा राज्य झालं. त्याच आठवड्यात शालिनीला बघायला फोंड्याहून पाहुणे यायचं ठरलं. वहिनींच्या वडिलांचं वर्षश्राद्ध आलं होतं, म्हणून त्या समीक्षाला घेऊन दोन दिवस पेडण्याला गेल्या. बसमध्ये कुत्री घेईनात. तांबडीला त्या घरी ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते. मास्तरांनी तांबडीला भाकरी दाखवून जवळ बोलावलं आणि गोणपाटात भरलं. म्हापशाला भाजी नेणारा टेम्पो उभा होता, गोण त्यात टाकली. त्यांनी मला पाहिलं.

"शालिनीच्या लग्नाचा प्रश्न आहे," ते पुस्तकात लिहितात तशा मराठीत म्हणाले. "पोरीला कुत्र्याला बांधून फिरवतात, हे पाहुण्यांनी बघायला नको. तुम्ही समजूतदार आहात."

मी मान हलवली.

वहिनी परतल्या तेव्हा मास्तर म्हणाले, पळाली कुठे तरी. वहिनी तीन दिवस खाणीभोवती हाका मारत फिरल्या. पाहुणे आले त्या दिवशी समीक्षाला आतल्या खोलीत कोंडलं होतं. चहाचा कप खाली ठेवून मुलाच्या आईनं विचारलं, "कुत्र्यावांगडा फिरता ता तुमचा चेडू खंय आसा? आमका बाबलीन सांगल्यान. म्हटला, बघूया तरी." त्यांना सगळं ठाऊक होतं. तरीही ते आले होते, आणि जाताना होकार देऊन गेले.

मी तोंड उघडलं ते तीन आठवड्यांनी. तोवर पाऊस लागला होता. वहिनी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याच दिसा सांगला असतंस, तर ती म्हापशाच्या बाजारातच गावली असती." मला पुढे कधीही त्यांनी याहून जास्त काही ऐकवलं नाही. पण माझ्या घरी त्या परत आल्या नाहीत.

दर शुक्रवारी त्या म्हापशाला जाऊ लागल्या. बाजार भरतो तो दिवस, उष्टंखरकटं पडतं, कुत्री जमतात. समीक्षाला त्या गर्दीत नेणं शक्य नव्हतं. सांभाळायला शालिनी तयार नव्हती, मी विचारलं तर वहिनींनी नको म्हटलं. तेव्हा त्या पोरीला खोलीत, खिडकीच्या गजाला पट्ट्यानं बांधून जायच्या. पहिल्या शुक्रवारी तिचं ओरडणं रस्त्यापर्यंत ऐकू आलं. ऑगस्टपर्यंत ते कमी झालं. सप्टेंबरात थांबलं. वाड्यावरच्या बायका म्हणाल्या, पोर सुधारली.

दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी वहिनी टेम्पोतून उतरल्या तेव्हा त्यांच्या पदराखाली तांबडी होती. मासळी बाजारामागे सापडली होती. मागचा एक पाय गाडीखाली येऊन वाकडा जुळलेला, अंगाला खरूज. वहिनींना पाहून ती उठली नव्हती. 'बस' म्हटल्यावर मात्र बसल्या बसल्या शेपटी हलवली, असं बाबलीच्या बायकोला त्यांनी सांगितलं.

त्यांनी तिला थेट समीक्षाच्या खोलीत नेलं. मी फाटकापाशी उभी होते, दार उघडं होतं. समीक्षा भिंतीला टेकून बसली होती, नजर छपराकडे. तांबडी लंगडत गेली आणि तिच्या मांड्यांवर आडवी पडली. पोरीनं पाय ओढून घेतले. कुत्री पुन्हा सरकली. पोरीनं पुन्हा ओढून घेतले. वहिनींनी तिचा हात धरून कुत्रीच्या कानामागे नेला. समीक्षा ओरडली नाही. हात तिनं जमिनीवर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

मास्तर दारात आले. "बघ," ते म्हणाले, "कुत्र्याशिवाय गप्प रवता मगे? उगीच..."

"गप्प ती तुमी केल्यात," वहिनी म्हणाल्या. "आणि मी. मीच बांधून जाय होतंय." मग शांतपणे विचारलं, "लोकांत होयी होती ती शोभा रवली मगे तुमची?"

खरं तर मास्तर वाईट माणूस नव्हते. रात्रंदिवस लोक आपल्या घराकडे बघताहेत असं त्यांना वाटायचं, एवढंच. पण त्या घरात त्यांच्याशी कामापलीकडे कुणी बोललं नाही त्यानंतर.

वहिनींनी पावाचे तुकडे घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी कुत्री सगळं जाणत होती, शिकवायचं होतं ते पोरीला. तिला बाहेर आणलं तर ती अंगणात आणून ठेवलेल्या जागी बसून राही. पाण्याकडे धावणारी ती मुलगी कुठे गेली, कळेना. डिसेंबरात एकदा ती चार पावलं फाटकाकडे चालली आणि तांबडी घाईनं वाकड्या पायावर उठून तिच्यापुढे बसली, तेव्हा वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. ते एकदाच झालं.

तांबडी पुढच्या पावसात गेली. समीक्षा त्या दिवशीही छपराकडे बघत होती. शालिनीचं लग्न झालं, तिला मुलगा झाला, ती बारशाला वहिनींना न्यायला आली तेव्हा वहिनी म्हणाल्या, पोरीला कोण बघेल. वर्षभरानं तालुक्याला मास्तरांचा सत्कार झाला. मातृभाषेच्या सेवेबद्दल शाल आणि नारळ दिला. सगळा वाडा गेला होता, मीही गेले. परत येताना दिसलं, वहिनी ओट्यावर बसून समीक्षाला भात भरवत होत्या. आठ वर्षांची पोर तोंड उघडत होती, गिळत होती, पुन्हा उघडत होती. मी फाटकाशी थबकले. वहिनींनी वर पाहिलं आणि पुढचा घास कालवायला घेतला.