दोन तुकडे उरायचे

प्रभुभोजनाची भाकर मी गेली चौदा वर्षं करते आहे. त्यातली पहिली अकरा वर्षं मी ती तोंडात घातली नाही.

आमचं गाव कुरकुंभच्या अलीकडे, दौंडच्या रस्त्याला. चर्च लहान आहे. दगडी भिंती, वर पत्रा, आणि बाहेर लिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तो ठोकला की उपासना सुरू. पाळकसाहेबांकडे चार गावं आहेत. ते दौंडहून स्कूटरवर येतात, म्हणून आमच्याकडे प्रभुभोजन महिन्यातून एकदाच, पहिल्या रविवारी असतं.

भाकर म्हटली तरी ती गव्हाची असते. आमच्यात तिला भाकरच म्हणतात. ही भाकर माझ्या सासूबाई करायच्या. गव्हाचं पीठ, पाणी, चिमूटभर मीठ, बाकी काही नाही. प्रभूची प्रार्थना सात वेळा म्हणून होईपर्यंत पीठ मळायचं. जाड लाटायचं, मंद आचेवर भाजायचं, गार झालं की कडा काढून सुरीनं चौकोनी तुकडे करायचे. मंडळीत जितकी नावं तितके तुकडे. सासूबाईंचा नियम होता की आशीर्वाद दिलेली भाकर उरू द्यायची नाही आणि मंडळीतलं एकही नाव गाळायचं नाही. एकेक नाव घेत त्या सुरी चालवायच्या.

शेवटच्या दुखण्यात त्यांनी पोळपाट माझ्या हातात दिला. मी धाकटी सून. थोरलीला, म्हणजे माझ्या जावेला, वाटलं होतं की तो मान तिचा. सासूबाईंना पुरून आलो, तिसऱ्या दिवशी घरी प्रार्थना ठेवली होती, ओटा माणसांनी भरला होता. तिथं ती सगळ्यांदेखत म्हणाली, "पाय चेपून चेपून पोळपाट मिळवला हिनं."

मी गप्प बसणारी नाही. म्हटलं, "आक्का, तुमची भाकर फोडायला कुऱ्हाड लागंल. म्हातारीला ठाऊक होतं ते."

दोनचार जण हसले. त्या हसण्यानं घात केला. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. घराची भिंत एक, ओटे दोन. तिच्या घरातला कुकर शिटी मारायचा तो मला ऐकू यायचा, पण ती मेली का जगली ते मी विचारत नव्हते.

आमच्या मंडळीत रीत आहे. ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्यानं आधी समेट करायचा, मगच प्रभूच्या मेजाजवळ जायचं. वाकडं ठेवून खोट्या तोंडानं भाकर खाणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. आम्ही दोघी तसल्या नव्हतो. समेटही करायचा नव्हता आणि ढोंगही करायचं नव्हतं. म्हणून सगळे पुढं कठड्याजवळ जाऊन गुडघे टेकायचे, तेव्हा ती खिडकीकडच्या बाकावर बसून राहायची आणि मी दाराकडच्या. सासूबाईंचा नियम मात्र मी पाळला. नाव गाळायचं नाही म्हणून तिच्या नावाचा एक आणि माझ्या नावाचा एक, असे दोन तुकडे दर महिन्याला कापत होते. दर महिन्याला ताटात ते दोन तुकडे उरायचे. उपासना संपली की पाळकसाहेब आतल्या खोलीत जाऊन ते खायचे. अकरा वर्षांत तीन पाळक झाले. तिघांनीही ते गुपचूप खाल्ले.

भांडण दोघींचं, पण मंडळी त्यात वाळली. पूर्वी बाया एका बाजूला आणि पुरुष एका बाजूला बसत. आता माझ्याकडची घरं दाराशी आणि तिच्याकडची खिडकीशी बसू लागली. गाणं सुरू झालं की एक बाजू पुढं धावायची, दुसरी मुद्दाम मागं राहायची. कुणाच्या घरी प्रार्थनेला जायचं तर आधी तिथं कोण कोण येणार ते विचारायचे. माझी मुलगी कारेगावला दिलेली. ती माहेरी आली तरी चर्चला येईना. म्हणायची, "आई, तिथं बसलं की डोकं दुखतं." पाळकसाहेब मंडळीच्या वाढीवर उपदेश करायचे, विश्वासात मुळं धरा, प्रीतीत वाढा. मी डुलक्या काढायचे.

तीन वर्षांपूर्वी, प्रभुभोजनाच्या रविवारी, सात परकी माणसं दारात उभी राहिली. झारखंडची. कुरकुंभच्या औषधाच्या कारखान्यांत कामाला होती. त्यांच्यात एक बाई होती, पस्तिशीची, काळी, दणकट, पॅकिंगमध्ये काम करणारी. सोबत तिचा नवरा आणि त्यांच्या चाळीतली पाच माणसं. त्यांना आमच्या बाजू ठाऊक नव्हत्या. दाराकडच्या आणि खिडकीकडच्या बाकांच्या मधे मोकळी जागा होती, तिथं सतरंजी ओढून ती बसली. आमची मराठी गाणी त्यांना येत नव्हती, तरी टाळ्या वाजवून मोठ्यानं सूर धरला. मला राग आला. खरं सांगते, वाटलं की ही कुठली बला आली.

भाकरीची वेळ झाली. आमची माणसं जाऊन आली. मग ते सातही उठले आणि कठड्याशी गुडघे टेकून हात पुढं करून बसले. ताटात दोन तुकडे होते. नेहमीचे.

पाळकसाहेबांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मग जावेकडं पाहिलं. आम्ही दोघीही खाली बघत बसलो. त्यांनी एक तुकडा त्या बाईच्या हातावर ठेवला, दुसरा तिच्या नवऱ्याच्या. पुढचे पाच हात तसेच राहिले. त्या बाईनं शेजारी पाहिलं, आपला तुकडा नखानं मोडला आणि कण कण वाटला. नवऱ्यानंही तसंच केलं. सातही जणांनी घेतलं. मला पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही. मला लाज वाटली की माझ्या हातची भाकर कमी पडली.

बाहेर लिंबाखाली ती सरळ माझ्याकडं आली. "माँजी, रोटी आपने बनाई? बहुत अच्छी है."

मी म्हटलं, "आधी सांगायचं न्हाई का, इतकी जणं येणार म्हनून?"

"हमको क्या मालूम यहाँ गिनके बनता है," ती म्हणाली. टोमणा नव्हता, पण लागला. मग तिनं विचारलं, "आप आगे क्यों नहीं आईं? और वो खिड़की वाली माँजी भी नहीं आईं. तबीयत ठीक नहीं?"

अकरा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. जाऊ चार हातांवर चप्पल घालत होती. आम्ही दोघी एकदम बोललो.

"गुडघं दुखत्यात."

तेच शब्द, त्याच वेळी. आजूबाजूची माणसं खोकू लागली. आम्ही ढोंग करत नाही असा मला गर्व होता, तो तिथं लिंबाखाली गेला.

त्या बाईनं ते खरं मानलं. बुधवारी पहिली पाळी संपवून, दुपारी उन्हाची, ती माझ्या ओट्यावर हजर. हातात तेलाचा डबा. करंजाचं तेल, त्यात लसूण तळलेला, सगळ्या ओट्याला वास. मी नको नको म्हणेपर्यंत तिनं माझं लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं आणि चोळायला बसली. चोळता चोळता मोठ्यानं प्रार्थना. "प्रभु, इस घुटने को छू." माझा गुडघा ठणठणीत होता. त्याच दिवशी सकाळी मी शेळीमागं बांधावर पळाले होते.

माझं आटपलं की ती उठली आणि शेजारच्या ओट्यावर गेली. भिंतीपलीकडून तीच प्रार्थना ऐकू आली. मग जावेचा आवाज, "हळू गं बाई, हळू. कातडं सोलतीस का?"

दर बुधवारी हेच. येताना ती तिकडची बातमी इकडं आणायची, जाताना इकडची तिकडं. "बड़ी माँजी को रात को नींद नहीं आती. दाल भी नहीं पचती." मला ठाऊक नव्हतं. "बड़ी माँजी बोलीं, आपकी रोटी मोटी होती है." हेही सांगून गेली, आणि हसली. चौथ्या बुधवारी ती चोळताना पेंगायला लागली. विचारलं तर म्हणाली की पाळीत एक बाई आली नव्हती, म्हणून आदल्या दिवशी दोन पाळ्या एकदम केल्या होत्या. तरी तेल घेऊन आली होती. तिचे हात औषधांनी फाटलेले, आणि ती माझा न दुखणारा गुडघा चोळत होती.

जाताना म्हणाली, "इस इतवार हम दोनों आपको पकड़के ले जाएँगे. एक तरफ मैं, एक तरफ मेरा आदमी. फिर बड़ी माँजी को. रोटी खाए बिना नहीं छोड़ेंगे."

ती गेल्यावर मी लुगडं खाली सारलं. आता दोनच वाटा होत्या. एक तर रविवारी मनात वाकडं ठेवून भाकर खायची, जे मी आयुष्यात केलं नव्हतं. नाहीतर शेजारचा ओटा चढायचा. तिसरी वाट म्हणजे तिला खरं सांगून हाकलायचं, पण ते तोंड मला नव्हतं.

शनिवारी सकाळी पोळपाट काखेत मारला आणि शेजारी गेले. जाऊ तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"अकरा वर्सांनी वाट सापडली व्हय?"

"आक्का, उद्या ती बया आपल्याला उचलून न्हेनार हाय."

"ठाऊक हाय. मला बी सांगितलंय." तिनं एक खडा वेचून बाहेर फेकला. "तुझा कंचा गुडघा दुखतो?"

"कंचाच न्हाई. तुमचा?"

"माझा बी न्हाई." मग तिचा चेहरा वाकडा झाला. रडते की काय असं मला वाटलं, पण ती हसत होती. सूप हलायला लागलं आणि तांदूळ सांडले. मीही हसले. दोन म्हाताऱ्या ओट्यावर हसत बसल्या आणि समोरून जाणारा दूधवाला गाडी थांबवून बघायला लागला.

हसू ओसरल्यावर मी म्हटलं, "कुऱ्हाडीचं बोलले ते चुकलं माझं."

ती म्हणाली, "पाय चेपल्याचं मी बोलले. चेपले व्हते तूच. मी न्हवते चेपले, म्हनून झोंबलं." एवढंच. गळ्यात पडलो नाही. आमच्यात तसली पद्धत नाही. मी पोळपाट तिच्यापुढं ठेवला. "तुम्ही लाटा. उद्या मानसं लई येत्याल." ती म्हणाली, "मीठ मी घालनार." म्हटलं, घाला.

पीठ मळताना प्रभूची प्रार्थना सात वेळा म्हटली, दोघींनी मिळून. आमच्या अपराधांची क्षमा कर, हे मी लहानपणापासून म्हणत आले. त्या दिवशी तिथं येताच दोघींचे हात पिठात थांबले, मग पुन्हा चालले. तुकडे कापायला सुरी घेतली तर जाऊ म्हणाली, "कापू नगं. अख्ख्याच न्हेऊ. पाळकाला मोडू दे, मानसं संपंस्तवर."

रविवारी झारखंडची ती बाई आणि तिचा नवरा आमच्याकडं निघाले, तोवर आम्ही दोघी उठलो होतो. जाऊ खिडकीकडून आणि मी दाराकडून निघालो आणि मधे सतरंजीवर भेटलो. तिथून जोडीनं पुढं गेलो आणि कठड्याशी गुडघे टेकले. चारही गुडघे न कुरकुरता वाकले.

"हल्लेलूया!" मागून ती बाई ओरडली. "घुटने ठीक हो गए!"

सगळं चर्च हसलं. दाराकडचे हसले, खिडकीकडचे हसले, अकरा वर्षांत पहिल्यांदा एकदम. पाळकसाहेबांच्या हातातलं ताट हललं. काही बाया डोळे पुसत होत्या. मला खोटं ठेवून खायचं नव्हतं. मी तशीच गुडघ्यांवर मागं वळले आणि सगळ्यांसमोर तिला सांगितलं, मराठीत आणि मोडक्या हिंदीत, की गुडघे कधीच दुखत नव्हते, आम्ही भांडलो होतो, आणि तू आलीस म्हणून ते मिटलं.

तिनं कमरेवर हात ठेवले. "तो मेरा तेल का डब्बा वापस दो, माँजी!"

मग तीही हसली, आणि तिनंच गाणं उचललं. हिंदीत. आमची माणसं दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवायला लागली.

विश्वास धरला की प्रीती येते, असं उपदेशात सांगतात. माझं उलटं झालं. कुणीतरी माझा खोटा गुडघा खऱ्या मनानं चोळला, म्हणून मला प्रार्थना खरी वाटायला लागली. आज आमच्याकडं बाक पुरत नाहीत, सतरंजी कायमची अंथरलेली असते. कारेगावची मुलगी जावयाला आणि शेजारच्या दोन घरांना घेऊन पहिल्या रविवारी येते. गाणं एकदा मराठीत होतं, एकदा हिंदीत. आता भाकरी अख्ख्या जातात आणि किती माणसं येणार ते मी विचारत नाही. ताटात काही उरलं तर पाळकसाहेब सगळ्यांदेखत खातात.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी भाकर मोडली. पहिला तुकडा जावेच्या हातावर ठेवला, दुसरा माझ्या. अकरा वर्षांनी मी तो चावला. मीठ कमी होतं. कठड्यावरून उठता उठता मी तिला तसं सांगितलंही.