पोट फुगलेल्या सात जणी

गावाला पाणी मी सोडतो. तीस वर्षं झाली. टेकडीवरच्या टाकीखाली चार व्हॉल्व्ह आहेत आणि त्यांची चाकं रोज सकाळी याच हातांनी फिरतात. लोक मला पाणीवाला म्हणतात. मी स्वतःला पाण्यातला जाणकार समजत आलो. हा फरक ध्यानात ठेवावा, कारण पुढचं सगळं त्यानेच घडवलं.

मासे पाळायला मला कुणी शिकवलं नाही. टाकीमागून एक ओढा वाहायचा. वाहायचा म्हणजे काय, दगडादगडाशी थांबत, गप्पा मारत, उशीर झालेल्या माणसासारखा एकदम पळत जायचा. त्यात काजळ्या नावाचा मासा होता. करंगळीच्या दोन पेरांएवढा, डोळ्यापासून शेपटीपर्यंत काजळाची एक रेघ ओढलेला. काहींच्या रेघेवर तांबूस झाक असे आणि पंखांना पिवळी कड. ऊन पाण्यात उतरलं की ती कड अशी पेटायची की व्हॉल्व्ह उघडायचा राहून जायचा आणि खालच्या आळीतल्या बायका माझ्या नावाने शंख करायच्या. हा मासा आसपासच्या दुसऱ्या कुठल्याही पाण्यात मला दिसला नाही, आणि शोधायचं मी बाकी ठेवलेलं नाही.

मग रस्ता रुंद झाला आणि ओढा सिमेंटच्या पाइपात गेला. शेवटच्या डबक्यातून मी बायकोच्या पिठाच्या चाळणीने एकोणीस काजळ्या काढले. चाळणी तिने परत घेतली नाही.

बाहेरच्या खोलीत, कपाट आणि शिलाई मशीन यांच्या मध्ये, मी काचेची मोठी टाकी मांडली. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर मीच टाकतो, त्यामुळे ते पाणी माशांना कसं लागतं हे मला पक्कं ठाऊक. दोन दिवस बादल्यांत उन्हात ठेवूनच मी ते टाकीत घालायचो. काच रोज पुसायची, तळाचे खडे आठवड्याला धुवायचे, शेवाळाचा धागा दिसला की चिमट्याने उपटायचा. जेवणाची ताटं एवढी घासली जात नाहीत, असं बायको म्हणायची. ताटं घासायची पाळी माझी असल्यामुळे तिचा रोख कळायचा.

दुसऱ्या महिन्यात सात मासे बिघडले. रंग फिका, हालचाल जड, आणि पोटं अशी फुगलेली की वरून पाहिलं तर माशाऐवजी चिंचोका वाटावा. मी रोग ओळखला. कुणाला विचारावं असं मनातही आलं नाही, कारण विचारायला माझ्याहून जाणता होता कोण? मी त्यांना वेगळ्या भांड्यात मिठाच्या पाण्यात ठेवलं. पोटं उतरेनात. मीठ वाढवलं. मासे माझ्याकडे बघत राहिले. आज वाटतं, त्या नजरेत बरंच काही होतं, पण तेव्हा मी नजरा वाचत नव्हतो, रोग वाचत होतो.

रोगी जनावर कळपात ठेवायचं नाही एवढं मी जाणून होतो. म्हणून त्या सातांना डब्यात घालून आक्काकडे नेलं.

आक्का माझी थोरली बहीण. दोन गल्ल्यांपलीकडे तिची रोपवाटिका आहे. आई लवकर गेली, मला तिनेच वाढवलं. माझे केस पिकले तरी ती मला धाकट्या म्हणते, तेही गिऱ्हाइकांसमोर. तिच्या रोपांना पाणी घालायला एक जुना हौद आहे. पाणी हिरवंगार, वर जलपर्णी, खाली तिच्या मुळांच्या दाढ्या लोंबलेल्या. मी डबा त्यात ओतला आणि म्हणालो, हा कचरा आहे, तुझ्याकडच्या डासांच्या अळ्या खाईल, नाहीतरी या गटारात दुसरं काय जगणार.

आक्काने त्यातला गटार एवढाच शब्द ऐकला. त्यानंतर आठ महिने ती माझ्याशी बोलली नाही. निरोप असला तर माझ्या बायकोकडे द्यायची, आणि त्यातही माझा उल्लेख "तुमचे ते स्वच्छ" असा असायचा.

इकडे माझ्या टाकीत निवडक बारा उरले होते. एकापेक्षा एक देखणे. आणि काय त्यांचं प्रेम! दोघं दोघं अंगाला अंग लावून पंख पसरायचे, थरथरायचे, एकमेकांभोवती फिरायचे, मध्येच पाठलाग करायचे. मी टाकीवर पातळ पडदा लावला, संकोच नको म्हणून. पाहुणे आले तर त्यांना हळू बोलायला सांगायचो. रोज सकाळी भिंग घेऊन खड्यांत अंडी शोधायचो. अंडं सोडा, अंड्याची शंकासुद्धा सापडली नाही. आणि मासे एकेक करून जाऊ लागले. हा मासा फार तर तीन वर्षं जगतो. बाराचे नऊ झाले, नवाचे पाच.

पाचावर आले तेव्हा मी घाबरलो. ओढा पाइपात गेला होता. हे पाच गेले की काजळ्या नावाचा मासा कुणाला दाखवायलाही उरणार नव्हता. मान खाली घालून मी कॉलेजात मासे शिकवणाऱ्या बाईंना पत्र लिहिलं. अर्ध्या पानात प्रश्न होता, दीड पानात माझा अनुभव.

बाई आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. टाकीसमोर उकिडव्या बसल्या, पडदा बाजूला केला आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. टाकीच्या स्वच्छतेबद्दल काहीतरी बोलतील म्हणून मी वाट पाहत होतो.

"काका," त्या म्हणाल्या, "माद्या कुठे ठेवल्यात?"

मी म्हणालो, यांच्यातच असतील की.

"हे पाचही नर आहेत."

मग त्यांनी फार सौम्यपणे समजावलं. जे प्रेम म्हणून मी आठ महिने पडद्याआड जपलं, ती भांडणं होती. दोन नर एकमेकांना रुबाब दाखवत होते. मादीला एवढा रंग नसतो. ती फिकी, जरा जड, आणि अंडी भरली की पोटाने गोल दिसते.

स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली, "मीठ घातलं होतं हो यांनी त्यांना. पोट उतरावं म्हणून."

बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या की त्या सातांतली एक जरी जगली असेल तरी अजून जमेल, पण वेळ थोडा आहे. आणि जमलंच, तर गावाबाहेरच्या जुन्या खाणीत स्वच्छ पाणी साठलंय, तिथे सोडता येतील.

रोपवाटिकेपर्यंत दोन गल्ल्या आहेत, पण त्या दिवशी मला त्या दहा वाटल्या. आक्का पिशव्यांत माती भरत बसली होती. मी हौदाकडे पाहिलं. हौद कोरडा होता. तळाला नवं सिमेंट.

आक्का मान वर न करता म्हणाली की हौद गळत होता, महिना झाला दुरुस्त करून. तिने तेवढ्यावर मला पुरेसं उभं ठेवलं आणि मग बोटाने कोपरा दाखवला. तिथे काठ फुटलेला एक न्हाणीचा टब होता. त्यात तोच हिरवा चिखल, तीच जलपर्णी, आणि मुळांच्या दाढ्यांतून माझ्याकडे बघणाऱ्या चार जणी. जाड, फिक्या, निरोगी.

मी सगळं कबूल केलं. मीठ, पडदा, भिंग, काही लपवलं नाही. मग म्हणालो, या चौघींना माझ्या टाकीत नेतो.

आक्का प्रथमच माझ्याकडे पाहून बोलली. "पोरी कुठे जायच्या नाहीत. तुझे ते पाच इथे येतील. घरजावई."

"आक्का, ते पाणी—"

"या पाण्यात त्या जगल्या, धाकट्या. तुझ्यात मरत होत्या."

पाच नर मी पिशवीत घालून आणले, पिशवी टबात तरंगत ठेवली, अर्ध्या अर्ध्या तासाने वाटीभर टबातलं पाणी आत मिसळलं आणि तिसऱ्या प्रहरी त्यांना सोडलं. आक्काने अट घातली की त्यानंतर माझा हात पाण्यात दिसता कामा नये. हात रिकामे राहिले की ते पाण्याकडे वळणार, म्हणून तिने मला मातीच्या पिशव्या भरायला बसवलं. व्हॉल्व्ह बंद केला की मी तिथे जायचो. तीनशे पिशव्या भरल्या. गिऱ्हाइकं विचारायची, हा कोण? आक्का सांगायची, नवीन माणूस आहे, शिकतोय.

नवव्या सकाळी ऊन टबाच्या काठावर आलं आणि पाणी उसळलं. एक फिकी पुढे, मागे दोन पेटलेले, आणि तिघं मुळांत घुसले. थरथरले, बाहेर आले, पुन्हा घुसले. हे त्या आठ महिन्यांच्या रुबाबासारखं अजिबात नव्हतं. यात कुणाला दाखवायला वेळच नव्हता.

आता मला एक गोष्ट खरोखरच माहीत होती: हे मासे स्वतःची अंडी खातात. मोठे लगेच बाहेर काढायला हवे होते. पण हात घालायची बंदी होती, आणि माझ्या माहितीवर विश्वास ठेवावा असं मी आक्काला आजवर काही दिलं नव्हतं. मी मातीने भरलेले हात पुढे धरून उभा राहिलो आणि विचारलं, काढू का? तीस वर्षांत कुणाला विचारून मी पाण्याला हात लावला नव्हता.

तिने माझ्याकडे, मग टबाकडे पाहिलं. म्हणाली, आधी हात धू. नऊच्या नऊ मी तिच्या दुरुस्त, पुन्हा भरलेल्या हौदात हलवले. एक नर त्या गडबडीत दगावला, तो माझ्या खात्यावर.

चौथ्या दिवशी टबाच्या कडेला डोळे दिसले. अंग काचेसारखं, त्यामुळे आधी नुसते डोळेच. शाईच्या टाकाने टिंबं दिल्यासारखे, दोन-दोनच्या जोडीने. मी मोजायला लागलो, आक्काने थांबवलं. हिरव्या पाण्यातलं न दिसणारं काहीतरी खाऊन ती टिंबं वाढली. मी एकही धागा शेवाळ उपटला नाही. फार जड गेलं.

तीन महिन्यांनी बाई आल्या. करंगळीच्या पेराएवढी साठ-सत्तर पिल्लं आम्ही बादल्यांतून खाणीवर नेली. बादली तिरकी केली, मासे पाण्यात शिरले आणि क्षणात दिसेनासे झाले. मी काठावर वाकून राहिलो. इतकी वर्षं काचेतून बघायची सवय, आणि हे पाणी मला काहीच दाखवेना.

नंतर दर रविवारी मी आणि आक्का खाणीवर जायचो. ती दगडावर बसायची, मी पालथा पडून बघायचो. सोळा रविवार रिकामे गेले. सतराव्या रविवारी उथळ काठाला, बुडालेल्या गवतात, काहीतरी हललं. आम्ही सोडलेल्यांपैकी असेल म्हणून मी डोळे बारीक केले. पण ते एव्हाना दोन पेरांएवढे झाले असणार. हे तांदळाच्या कणीएवढे होते, अंगावर काजळाची रेघ नुकती उमटू लागलेली. यांना कुणी निवडलं नव्हतं, कुणी औषध दिलं नव्हतं.

मी आक्काला हाक मारली. ती आली, माझ्या शेजारी गुडघे टेकून वाकली.

"पाण्याला हात लावू नकोस," ती म्हणाली.

मी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले आणि बघत राहिलो.