विहिरीतला नवा पत्रा

फोटो स्टुडिओत बसणाऱ्याजवळ किस्से आपोआप साठतात. कॅमेऱ्यासमोर बसलेला माणूस खरं बोलत नाही, पण काय लपवायचंय ते बसल्या बसल्या सांगून टाकतो! कॉलेज सोडून मी मुरुडला शरणप्पाअण्णांच्या स्टुडिओत कामाला लागलो, तेव्हा लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि आमच्या गावाकडं पाऊस फिरकत नव्हता. घरचे वडीलधारे म्हणायचे, "पोरगं वाया गेलं." वाया जायला गावात दुसरं उरलं होतं काय?

*

नव्या जिल्ह्याचे पेढे वाटत आमच्या गावचे रिटायर गुरुजी गल्लीत उभे. "आता कलेक्टर जवळ आला! आता बघा प्रगती!"

आई रिकामी घागर कमरेवर घेऊन चालली होती. म्हणाली, "गुरुजी, कलेक्टर जवळ आला आन् पाणी लांब गेलं. अदलाबदल व्हईल का इचारा की!"

*

टँकरच्या अर्जाला कोरड्या विहिरीचा फोटो पाहिजे होता. सरपंच म्हणजे माझा चुलता, तात्या. फेटा बांधून काठावर ताठ उभा.

"तात्या, बाजूला सरका. विहीर दिसंना."

"विहीर कुणाच्या गावची ते कळाय नगं?"

फोटो धुतला. फेटा, मिशा, तात्या. दुष्काळ पूर्ण झाकलेला! अण्णा म्हणाले, "ह्या फोटोवर टँकर न्हाई, इलेक्शनचं तिकीट मिळंल!"

*

मग तात्या स्टुडिओत आला. थोरल्या पोराची, गणपाची, सोयरीक भोकरकडं चालली होती. "गणपाचा फोटो काढ. त्याच विहिरीवर. फकस्त पाणी दिसलं पायजे. कोरड्या गावात पोरगी कोण देतंय?"

"पाणी कुठून आणू?"

"आमी हाव की!"

पडवीसाठी आणलेला कोरा पत्रा दोरांनी विहिरीत सोडला. उन्हात असा लखलखला, की काळ्या-पांढऱ्या फोटोत गणपाच्या मागं भरलेली विहीर!

मी अण्णांना म्हटलं, "ही सरळ फसवणूक आहे."

अण्णांनी मानही वर केली नाही. "आन् लग्नाच्या फोटोसाठी पोरींच्या तोंडाला पावडर फासून आपण काय करायलोत?"

अण्णांचं खरं होतं, म्हणून राग जास्तच आला.

*

तो राग तात्यावर काढला. "एका विहिरीला दोन तोंडं लावलीत तुम्ही! लाज वाटत नाही?"

"न्हाई," तात्या म्हणाला. "तू कालेज सोडलंस तवा पाव्हण्यारावळ्यांत काय सांगितलं म्या? पोरगं फोटोग्राफीचा कोर्स करतंय! तवा टोचला न्हाई व्हय रं पत्रा?"

*

भोकरचे पाहुणे घर-गाव बघायला येणार, म्हणून तात्यानं पत्रा पुन्हा विहिरीत सोडला. नेमका त्याच सकाळी लातूरहून टँकरच्या पाहणीचा साहेब जीपमधून उतरला. अण्णांनी मला कॅमेरा देऊन पाठवलं होतं. पाहुणे आणि साहेब एकाच काठावर!

साहेब वाकला. "पाणी तर चमकतंय की! टँकर कशाला?"

तात्या कात्रीत सापडला. खरं बोलावं तर सून जाते, गप्प बसावं तर टँकर जातो. गुरुजी आभाळ बघायला लागले. एरवी पारावर बसून देश चालवणारे सगळे म्हातारे आपापल्या चपला बघत उभे!

आई गर्दीतून पुढं आली. कुणाला काही न विचारता दोर बांधलेली बादली तिनं सरळ विहिरीत सोडली.

टण्ण!

साहेबानं आईकडं पाहिलं, तात्याकडं पाहिलं आणि जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून टँकर लिहून दिला. जीप गेली.

भोकरचे पाहुणे अजून वाकून आत बघत होते. तात्यानं फेटा काढून हातात घेतला. "पाव्हणं... चुकलं आमचं."

"चुकलं कशाचं?" पाहुणे सरळ होत म्हणाले. "तुमचा पत्रा लई झ्याक हाय. आमच्या विहिरीतला गंजलाय!"