मलव्हर

हसणार असाल तर आधी चहाचे कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा एका बाईंच्या नाकातून चहा आला होता, आणि माझा नवा सोफा तेव्हापासून एका बाजूने बदामी आहे.

तर, आम्ही नुकतेच कॅनडात, व्हिटबीला आलो होतो तेव्हाची गोष्ट. दोन हजार पाच-सहाचा सुमार. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, सकाळी अंधारात गाडी पकडून टोरांटोला जायचा आणि संध्याकाळी अंधारातच परत यायचा. मधला सगळा उजेड माझ्या एकटीच्या वाट्याला. आणि उजेड तरी कसला? बाहेर पांढरं, आकाश पांढरं. नागपूरची मुलगी मी! पंचेचाळीस डिग्रीत वाळवणं घालणारी!

नोकरीसाठी अप्लाय करत होते. नागपुरात चांगली दहा वर्षं लायब्ररीत काम केलेलं, इंग्रजी वाचायला-लिहायला फर्स्टक्लास. पण इथे इंटरव्ह्यूला गेलं की माझ्या प्रत्येक वाक्यानंतर समोरचा मान पुढे करून म्हणणार, "पार्डन?" मी पुन्हा सांगायची. "सॉरी, पार्डन?" तिसऱ्यांदा सांगेपर्यंत मलाच कळेनासं व्हायचं मी काय म्हणून राहिले ते.

आता "म्हणून राहिले" म्हटलं म्हणून हसू नका. हे मी आयुष्यभर ऐकलंय. लग्न होऊन पुण्यात गेले तर सासरी सगळे माझ्या नागपुरी मराठीवर गालातल्या गालात हसायचे. तिथे मराठी कमी पडलं, इथे इंग्रजी. म्हटलं बाप्पा, आता मुक्यानेच राहायचं का?

अशात भेटली डोरोथी. आमच्या शेजारची. सत्तरी उलटलेली, एकटी, मूळची इंग्लंडची. मी ड्राइव्हवे शोव्हल करत होते, म्हणजे फावड्याने बर्फ इकडून उचलून तिकडे टाकत होते आणि वारा तो तिकडून इकडे आणत होता. डोरोथीने दार उघडून हाक मारली, "सोड ते! चहा घे आत येऊन!"

मी तिला "मिसेस" वगैरे म्हणायला गेले तर तिने हात झटकला. "नुसतं डोरोथी म्हण."

हे लक्षात ठेवा. ती मला काहीही मान देऊ देत नव्हती. नाहीतर पुढचं रामायण तिच्याच स्वयंपाकघरात संपलं असतं.

दुपारचे दोन वाजले की डोरोथी एकदम गप्प व्हायची आणि बोट ओठांवर ठेवायची. तिच्या मुलाने तिला कॉम्प्युटर लावून दिला होता, त्यावर इंग्लंडचा रेडिओ लागायचा. तिथे तेव्हा संध्याकाळ. एक श्रुतिका लागायची, रोज पंधरा-एक मिनिटं. एका खेड्याची गोष्ट. गाई, डुकरं, चर्च, भांडणं, लग्नं. डोरोथी लहानपणापासून ती ऐकत आलेली! माणसं तिच्याबरोबर म्हातारी झालेली.

पहिल्या दिवशी मला ढिम्म कळलं नाही. पण आवाज! अहो, मला नागपूरचं आमचं घर आठवलं. आई भाजी निवडतेय, फडताळावर रेडिओ, आणि नभोनाट्य लागलं की कुणी भांडं वाजवायचं नाही. डोळे मिटले की सारखंच वाटायचं. मी चिवडा न्यायची, डोरोथी लोण्याची बिस्किटं काढायची, आणि आम्ही दोघी त्या न पाहिलेल्या खेड्यात जाऊन बसायचो. आज विचाराल तर कॅनडातले माझे सगळ्यात सुखाचे दिवस ते. डोरोथी आता नाही. पण दुपारी दोनला मी अजूनही भांडं हळू ठेवते.

असो. मुद्द्यावर येते.

मी मनात हिशेब केला. हा रेडिओ इंग्लंडचा. म्हणजे इंग्रजीचं माहेर. आणि रेडिओवर बोलतात ते नेहमी शुद्ध, आपल्या आकाशवाणीच्या बातम्यांसारखं. बरोबर? मग याहून चांगला क्लास कुठे मिळणार? तोही चहा-बिस्किटांसकट!

आता त्यातलं कुणाचं इंग्रजी उचलायचं? हवेलीतली एक बाई होती, ती ओठ न उघडता बोलायची. एक नर्स होती, तिचं बोलणं म्हणजे पत्र्यावर हरभरे टाकल्यासारखं. आणि एक होता म्हातारा हर्बी. डुकरं पाळायचा. काय सांगू, त्याचं बोलणं म्हणजे मध! संथ, ठसठशीत, प्रत्येक "र" कसा तोंडात घोळवून सोडलेला. मला त्याचा शब्द न् शब्द कळायला लागला. मी ठरवलं, हर्बीच आपला गुरू.

मग काय, पोळ्या लाटताना हर्बी, वॉशरूम घासताना हर्बी. "ग्रेट" नाही, "गर्ट." "व्हेरी गुड" नाही, "प्रॉपर जॉब."

आणि एक शब्द मला फार आवडला होता. हर्बी समोरच्याशी बोलताना शेवटी हमखास म्हणायचा, "मलव्हर." "मॉर्निन, मलव्हर." "थँकी, मलव्हर." पाद्र्याला म्हणायचा, डॉक्टरला म्हणायचा, हवेलीतल्या बाईलासुद्धा म्हणायचा. मी लगेच ओळखलं. आपल्या सिनेमातल्या कोर्टात वकील म्हणतात ना, "मिलॉर्ड"? त्याचाच हा खेड्यातला भाऊ! म्हणजे "साहेब", "मायबाप" असलं काहीतरी.

डिक्शनरीत बघायचं ना, असं तुम्ही म्हणाल. मी लायब्ररीतली बाई! पण स्वतःवर इतका विश्वास बसला होता की बघायचं सुचलंच नाही.

पहिला प्रयोग बसवर. उतरताना ड्रायव्हरला म्हटलं, "थँकी, मलव्हर!" तो गोड हसला. "यू हॅव अ गुड डे!" बघा! "पार्डन" नाही की काही नाही! दुसरा प्रयोग पोस्टमनवर. त्यालाही कळलं. इतकं कळलं, की आधी पत्रं पेटीत टाकून पळणारा तो गृहस्थ नंतर बेल वाजवून हातात द्यायला लागला. केसही नीट विंचरलेले असायचे.

मग हिवाळा सरता सरता मिलिंदने त्याच्या बॉसला जेवायला बोलावलं. स्टीव्ह आणि त्याची बायको लिंडा. मी पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड असा बेत केला. नवऱ्याचा बॉस म्हणजे मान द्यायलाच हवा. मी श्रीखंडाचं भांडं घेऊन वाकले आणि अगदी गळ्यात मध घालून म्हटलं, "हॅव सम मोर, मलव्हर."

स्टीव्हचा चमचा हवेत थांबला.

मला वाटलं, संकोच करतोय. आपल्याकडे आग्रह करतातच ना? "नो नो, यू मस्ट, मलव्हर!"

लिंडाने स्टीव्हकडे बघितलं. स्टीव्हने मिलिंदकडे. मिलिंद त्या वेळी आतून पापड आणायला गेला होता, नाहीतर माझं लग्न तिथेच तपासलं गेलं असतं. पाच मिनिटांत लिंडाला आठवलं की घरी कुत्रा एकटा आहे.

"इतक्या लवकर का गेले गं?" मिलिंदने विचारलं.

"कुत्रा आजारी असेल," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात मिलिंद म्हणाला, "स्टीव्ह हल्ली मला बघून दुसऱ्या जिन्याने जातो. माझी नोकरी तर जात नाही ना?" मी म्हटलं, "श्रीखंड बाधलं असेल."

कॅनडाची माणसं फार सभ्य हो! एकानेसुद्धा मला सांगितलं नाही. तोंडावर कुणी म्हणेल तर शपथ.

आणि मग इंटरव्ह्यूचा कॉल आला. गावातलंच वृद्धांसाठीचं एक निवासस्थान. तिथली छोटी लायब्ररी सांभाळायची आणि आजी-आजोबांना वाचून दाखवायचं. माझ्यासाठीच केलेली नोकरी! कित्येक महिन्यांनी पुन्हा कुणी बोलावलं होतं. आदल्या रात्री झोप नाही. सकाळी देवाला नमस्कार केला आणि मनात हर्बीलाही.

समोर दोघं. मिस्टर ग्रँट, तिथले मॅनेजर. टाय, चष्मा, हसण्याची सवय नसलेला चेहरा. आणि शेजारी पॅम, गोलमटोल, नोकरभरतीचं बघणारी.

मी आत गेले, मान लववली आणि म्हटलं, "मॉर्निन, मलव्हर! टिज अ गर्ट कोल्ड डे, बेंट इट?"

आता हे तुम्हाला मराठीत सांगते, म्हणजे कळेल. समजा पुण्यातल्या एका शाळेत एक गोरी बाई इंटरव्ह्यूला आलीय. छान कडक साडी, हातात फाइल. आणि ती मुख्याध्यापकांना म्हणते, "राम राम! लई गारठा पडलाय बगा, माज्या राजा!"

मिस्टर ग्रँट म्हणाले, "आय बेग युअर पार्डन?"

आलं का पुन्हा ते पार्डन! मला वाटलं, आवाज कमी पडला. किंवा मान कमी पडला. मी खुर्चीच्या कडेला सरकले आणि दुप्पट आदराने, दुप्पट मोठ्याने म्हटलं, "गुड मॉर्निन, मलव्हर!"

बाहेरून जाणारी एक नर्स दारात थांबली.

मिस्टर ग्रँट कानापासून टायपर्यंत लाल झाले. पॅमने समोरचा कागद उचलून तोंडासमोर धरला. कागद थरथरत होता.

"तुम्ही इंग्रजी कुठे शिकलात?" कागदाआडून पॅमचा आवाज आला.

"रेडिओवर," मी अभिमानाने सांगितलं. "डुकरं पाळणाऱ्या हर्बीकडून."

झालं. पॅमने कागद सोडला आणि टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. डोळे पुसत म्हणाली, "माझी आजी! माझी आजी इंग्लंडातल्या डेव्हनची होती! ती असंच बोलायची! कसाई, दूधवाला, सगळ्यांना म्हणायची, माय लव्हर!"

"काय?"

"माय. लव्हर." तिने दोन शब्द वेगवेगळे करून सांगितले. "तिकडच्या खेड्यात सगळे सगळ्यांना म्हणतात. पण बाकी जगात..."

बाकी जगात काय, ते मला सांगायची गरज नव्हती. माझ्या डोळ्यांसमोरून बस गेली. मग पोस्टमन गेला, केस विंचरून. मग श्रीखंडाचं भांडं घेऊन मी स्वतःच गेले. धरणीमाते, पोटात घे म्हणायचं, तर खाली कार्पेट!

कशी घरी आले मला आठवत नाही. तडक डोरोथीकडे. तिने सगळं ऐकलं आणि इतकी हसली की तिची कवळी सावरावी लागली. मग एकदम गंभीर झाली, माझा हात धरला. "माझीच चूक. मला वाटलं तुला माहीत आहे." आणि तिने मला एकेक उलगडून सांगितलं. हर्बी नैऋत्येकडचा, अगदी खेडवळ. ती नर्स स्कॉटलंडची. हवेलीतली बाई बड्या शाळेत शिकलेली. मी मनात म्हणत गेले, हा आपला गडहिंग्लजचा, ही मालवणची, ही थेट सदाशिव पेठ. अहो, त्या एवढ्याशा खेड्यात सगळा महाराष्ट्र भरला होता! आणि गंमत म्हणजे कुणी कुणाच्या बोलण्याला हसत नव्हतं. मला पुण्यातलं सासर आठवलं, आणि उगाच डोळे भरून आले.

मिलिंदने दुसऱ्या दिवशी ऑफिसात स्टीव्हला खुलासा केला. स्टीव्ह "नो प्रॉब्लेम" म्हणाला. पण चेहरा जरा पडलाच होता म्हणे.

आणि नोकरी? मिळाली! पॅमचा फोन आला. "आमच्याकडे निम्मे म्हातारे इंग्लंडहून आलेले आहेत. त्यांना तुमचं सगळं कळेल. फक्त तो एक शब्द घरी ठेवून या."

डोरोथीने निश्चय केला की आता मला नीट इंग्रजी तीच शिकवणार. रोज दोनच्या श्रुतिकेनंतर क्लास. तिच्या तोंडात बस म्हणजे "बूस", कप म्हणजे "कूप". मी मन लावून शिकले. वर्षभरात पक्की तयार झाले. हर्बी पार धुऊन काढला!

एक दिवस नोकरीवर, तिथले एक आजोबा, मिस्टर होल्डन, मी त्यांना पेपर वाचून दाखवत होते. मूळचे इंग्लंडचे, फारसं बोलायचे नाहीत, दिसायचंही कमी. मधेच त्यांनी हात वर केला आणि अगदी मायेने विचारलं, "पोरी, तुझे वडील कुठल्या कोळशाच्या खाणीत होते गं?"

मी थक्क! माझे बाबा खरंच कोळशाच्या खाणीच्या ऑफिसात होते. नागपूरजवळ, उमरेडला! मी म्हटलं, "उमरेड!"

त्यांनी समाधानाने मान हलवली. "वाटलंच मला. तू तोंड उघडलंस तेव्हाच ओळखलं."

तरंगतच घरी आले. मिलिंद जेवत होता. म्हटलं, "बघ! तुमच्या पुण्यात मला नावं ठेवली. आणि इंग्लंडचा माणूस नुसत्या बोलण्यावरून उमरेड ओळखतो!"

मिलिंदने घास खाली ठेवला. "अलका, डोरोथी कुठली?"

"उत्तरेकडची कुठली तरी."

"आणि तिचे वडील, भाऊ, काका?"

"सगळे कोळशाच्या खा..."



"त्यांनी उमरेड नाही ओळखलं," मिलिंद म्हणाला. "तू डोरोथीच्या गावची वाटलीस. उमरेड त्यांना तिकडचंच खेडं वाटलं असेल."

"हो रे," मी म्हटलं. "पण मी येताना नागपूरला फोन केला. बाबांना सांगितलं, इंग्लंडमध्ये तुमच्या खाणीचं नाव आहे म्हणून."

"मग?"

"मग काय! उजाडलं की ते अख्ख्या कॉलनीत संत्रा बर्फी वाटणार आहेत."