लाल कोटातला देवदूत

हौस आमची दांडगी. युरोपातलं दीडशे वर्षांपूर्वीचं धार्मिक समूहगान कोल्हापुरात रेकॉर्ड करायचं, दोनशे गायकांसह, आणि वाद्यंही त्याच काळातली! तसला जुना ट्रम्पेट अखेर लग्नाच्या बँडवाल्याकडे सापडला. वाजवायलाही तोच आला, लाल कोट घालून.

मी समजावलं, “या गाण्यात जगाच्या शेवटी देवदूत ट्रम्पेट फुंकतो आणि मेलेली माणसं उठतात.” खुर्ची दिली. तो बसेना.

“पावणं, बसून फुकाय जमत न्हाय. जल्मभर वरातीच्या म्होरं चालतच वाजवलंय की.”

तो वाजवत चालला, मी माईक धरून शेजारून पळालो. सूर असा लागला की अंगावर काटा आला. दाराशी त्यानं मागं वळून पाहिलं.

“मेल्याली उठली म्हंतासा, मग मागनं नाचत कोणच का येईना?”

दोनशे जिवंत माणसं कागद धरून गप उभी होती.