माझ्या भाड्याच्या घरात दूध उतू जात न्हाई

आधीच सांगते, भूतखेत, करणी, नजर... असलं काही मी मानत न्हाई. सासूबाई दाराला लिंबू बांधायच्या, मी ते काढून सरबत करायची. आजही माझं तेच मत आहे.

या ग्रुपवर घरभाड्याचे प्रश्न येतात म्हणून लिहायलेय. आधारची झेरॉक्स घ्या, करारपत्र करा, लाईटचं मीटर वेगळं घ्या, ओळखीचा माणूस असला तरी कागद सोडू नका... हे सगळेच सांगतात. माझ्यावर जे आलं, त्याला काय करावं ते मात्र कुणी सांगत न्हाई.

मन्नाएखेळ्ळीत, हायवेपासून थोडं आत, आमची दोन घरं. मधे एकच भिंत. एकात मी राहायची. दुसरं माझ्या नवऱ्यानं भाड्यानं द्यायला बांधलं आणि रंग लागायच्या आत ते हार्टनं गेले. शेती दिरांकडं, खटकचिंचोळीला. माझं पोट त्या एका घराच्या भाड्यावर. ते आलं न्हाई तर घर विकायचं आणि दिराच्या दारात जाऊन राहायचं. मला ते मरेपर्यंत नको होतं.

आमच्याकडं कुणीही राहायला आलं की आधी नव्या ओट्यावर दूध ठेवतात. ते उतू गेलं की मग सामान आत. पहिलं कुटुंब आलं. बाईनं हळदकुंकू वाहून पातेलं ठेवलं, आम्ही बायका भोवती उभ्या. दूध उकळलं, खदखदलं, आटत आटत बुडाला लागलं... पण वर आलं न्हाई. बाईनं करपलेलं पातेलं उचललं. भरलेला टेम्पो तसाच माघारी वळला.

मी म्हणलं, दुधात पाणी असेल. पुढं एक मास्तर आणि त्यांची बायको आली. गवळी दुसरा, पातेलं दुसरं... तेच झालं. "अक्का, राग मानू नका," मास्तरीण म्हणाली, "पण आमच्या मनाला न्हाई पटत." संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

मग मीच दूध आणलं. अर्धं माझ्या घरात ठेवलं, ते भसकन उतू जाऊन बर्नर विझला. उरलेलं त्याच पातेल्यात, तीच शेगडी उचलून नेऊन, भिंतीपलीकडं ठेवलं. आच मोठी केली. दूध काठापर्यंत यायचं आणि तिथंच थबकायचं. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

दीर आलेच.

"वहिनी, कामून हट्ट करायलाव? बाधलेलं घर हाय ते. विकून टाका नि आमच्यात या राहायला."

"बाधलेल्या घराला गिऱ्हाईक कोण मिळायलंय, भावजी?"

"मीच घेतो की."

"तुम्हाला बाधत न्हाई व्हय?"

चहा न पिता गेले.

दुसऱ्या दिवशी मी माझी भांडीकुंडी उचलली आणि त्या घरात राहायला गेले. दूधबीध काही ठेवलं न्हाई. माझं राहतं घर भाड्यानं दिलं. तिथं भाडेकरणीचं दूध ओटाभर सांडलं, ती खूश, भाडं सुरू. घरमालकांनो, हे लिहून ठेवा – जे घर भाडेकरूला नको, त्यात आपण राहावं.

एकदा सकाळी दूध गॅसवर होतं आणि कोथिंबीरवाली आली. भाव करता करता गप्पा लागल्या, दूध पार विसरले. आठवलं तशी पळत आत आले. दूध काठाशी खदखदायलंय, ओट्यावर थेंब न्हाई. आणि मी जागीच उभी राहिले...

हाच ओटा. घराचं काम चालू असताना मिस्त्रीच्या चहासाठी मी इथंच दूध ठेवलं होतं. ह्यांना म्हणलं, जरा बघा. जन्मात कधी त्या माणसानं दुधाकडं नीट बघितलं न्हाई. मिस्त्रीशी बोलत बसले आणि नव्या ओट्यावर सगळं सांडलं. मी चारचौघांत ओरडले. हे ओटा पुसत हसले. म्हणाले, "आता ह्या ओट्यावर एक थेंब सांडू देणार न्हाई, बघ तू."

त्याच आठवड्यात ते गेले.

मी तिथंच खाली बसले आणि पोटभर रडले. मग भांडले. म्हणलं, राखणच करायची होती तर आधी भाडेकरू तरी आत येऊ द्यायचे की. बायकोचं पोट कशावर हाय, तुम्हाला ठाऊक न्हाई व्हय?

ते ह्यांनीच केलं, असं मी म्हणत न्हाई. मी मानतच न्हाई तर म्हणू कशी? मास्तरांना विचारलं, गॅसवाल्याला विचारलं, कारण कुणाला सांगता आलं न्हाई. तुम्हाला ठाऊक असेल तर खाली लिहा. घर विका म्हणून मात्र कुणी लिहू नका, मी इथून हलणार न्हाई.

दूध आजही सांडत न्हाई. पण हे नुसतं बघतात... गॅस बंद करायला मलाच उठावं लागतंय.